हात कुठं अडला? (वाचकांचे प्रश्न)

कापसाचा हंगाम लागला की मोबाइलवर भरायच्या गोष्टी वाढतात आणि त्यासोबत माझ्याकडची पत्रंही. यावेळी चारच घेते, कारण पहिल्याचं उत्तर लांबलं.

प्रश्न : ताई, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी आणि माझ्या मित्रानं कापूस नोंदणीचं ॲप बनवलं. सभेत दाखवलं तेव्हा सगळे 'छान आहे' म्हणाले. आता हंगाम सुरू झाला तर कोणी ॲप उघडत नाही. मलाच फोन येतात, 'भाऊ, तूच टाकून दे ना.' आता लोकांना शिकवायचं ठरवलं आहे. व्हिडिओ बनवू की गावोगाव शिबिर घेऊ? आणि चाचणी घ्यायची म्हटलं तर किती लोकांवर घ्यावी? आमच्याकडं पैसे नाहीत.
— एक तरुण, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, व्हिडिओ नको आणि शिबिरही नको. एका कास्तकाराच्या घरी जा, फोन त्याचाच असू द्या, काम सांगा आणि मग तोंड बंद ठेवून बसा. तुमच्या ॲपला काय झालं आहे ते अर्ध्या तासात दिसेल.

'तोंड बंद' हे मी सहज लिहून गेले, पण सगळ्यात अवघड तेच आहे. समोरचा माणूस बटणाच्या शेजारून बोट फिरवतो, बटण त्याला दिसत नाही, आणि तुमचा जीव वरखाली होतो. त्या वेळी 'काका, तिकडं खाली' एवढं तोंडातून निघालं की चाचणी तिथंच संपली. रात्री नऊ वाजता तो एकटा भरत बसेल तेव्हा 'तिकडं खाली' म्हणायला तुम्ही नसाल. मी हातात वही धरते. लिहायचं काम असलं की माझं बोट आवरतं.

सभेतल्या 'छान आहे'वर जाऊ नका. आपल्या गावचा पोरगा काहीतरी करून राहिला याचं ते कौतुक आहे, ॲपचं नाही. चहा पाजणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या वस्तूला नावं ठेवायची आपली रीत नाही. ॲप-संकेतस्थळं लोकांना वापरता येतात का हे तपासणाऱ्या तज्ज्ञ अपाला लाहिरी चव्हाण यांनी यावर नामी तोड काढली होती. भारतातले लोक परक्यासमोर वस्तूतली खोट सांगत नाहीत, म्हणून त्यांनी वापरणाऱ्याला थेट सिनेमातला प्रसंग दिला : भाचीचं लग्न तोंडावर आलं आणि नवरदेव गुंड निघाला, विमानाचं तिकीट काढून लगेच पोहोचायचं आहे. माणूस गोष्टीत शिरला की भीड विसरतो आणि खरा चिडतो. या पद्धतीला बॉलिवूड पद्धत असंच नाव पडलं. आपल्याकडं भाचीला कशाला त्रास द्यायचा? 'कापूस अंगणात पडला आहे, आभाळ भरून आलं, व्यापारी भाव पाडून मागून राहिला, परवाची गाडी उद्याच लावायची आहे. बघा काका, फोनवरून काय जमते.' एवढं पुरे. 'नोंदणीचं बटण दाबून दाखवा' असं मात्र सांगू नका. बटणावर नोंदणी लिहिलेलंच असतं. काका अक्षराला अक्षर जुळवतील आणि तुम्ही खूश होऊन घरी याल.

आता हात कुठं कुठं अडतो ते सांगते. गेल्या हंगामात नेर तालुक्यातल्या एका गावात मी अशाच एका ॲपची चाचणी घेतली. ॲप कोणाचं ते राहू द्या. साठीचे कास्तकार, ओट्यावर बसलेले, चष्मा कपाळावर. नाव त्यांनी सावकाश पण बरोबर टाकलं. मग आला गट नंबर. त्यांचा गट ११२/२/अ. त्या चौकटीवर बोट ठेवलं की फक्त आकड्यांचा कीबोर्ड उघडत होता. तिरकी रेघ नाही, अ नाही. त्यांनी एकदा फोन उलटा करून पाहिला, जणू अ मागच्या बाजूला लपला असेल. मग नातीला हाक मारली. नात हुशार. तिनं ११२२ टाकलं आणि पुढं गेली. ॲपनं हिरवी खूण दिली. त्या गावात ११२२ नंबरचा गटच नाही.

ॲप बनवणाऱ्यांच्या संगणकावर ही नोंद 'यशस्वी' दिसली असणार. म्हणून मी म्हणते, किती नोंदी आल्या ते मोजून समाधान मानू नका. वापरयोग्यतेचं, म्हणजे वस्तू वापरायला किती सोयीची याचं, आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक तीनच गोष्टी विचारतं : काम नीट पुरं झालं का, त्याला किती वेळ नि कष्ट लागले, आणि करणाऱ्याला समाधान वाटलं का. काका पहिल्याच पायरीवर नापास झाले होते आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. पैसे अडकले असते तेव्हा कळलं असतं.

पुढची चौकट वजनाची. तिच्या आत फिकट अक्षरात 'वजन, किग्रॅ' लिहिलेलं होतं आणि टाइप करायला लागताच ते गायब होत होतं. काकांनी १२ टाकले. घरात कापूस बारा क्विंटल, ॲपला कळला बारा किलो. एकक चौकटीच्या बाहेर लिहा, ते कधीही हलता कामा नये, आणि आकडा टाकला की खाली ठळक दाखवा : १२ क्विंटल, म्हणजे १२०० किलो. त्याच पानावर 'आर्द्रता टक्के' अशीही एक चौकट होती, भरल्याशिवाय पुढं जाऊ न देणारी. हमीभावाच्या खरेदीत पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्याला मिळतो, पुढं त्या प्रमाणात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत, हे काकांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण तो आकडा केंद्रावर मीटर लावल्यावर कळतो. घरी ओट्यावर बसून ते काय सांगणार? त्यांनी ८ टाकलं. कोणीही ८च टाकेल. तुमच्या ॲपमध्ये अशी चौकट असेल तर आजच काढून टाका.

शेवटी ओटीपी. तो आला पोराच्या फोनवर, पोरगा पुण्यात कामावर. फोन लावला, उचलला नाही. उचलला तोवर वेळ संपली होती. आपल्याकडं घरात फोन चार असतात आणि बँकेला दिलेला नंबर भलत्याचाच असतो. तीस सेकंदांची मुदत ठरवणाऱ्यानं हे घर पाहिलेलं नसतं. मुदत वाढवा आणि तोवर भरलेलं सगळं जपून ठेवा. संदेश वाचायला माणूस ॲपमधून बाहेर गेला नि परत आला, तर ते पहिल्या पानावर उघडायला नको.

लोक किती घ्यायचे? पाच. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर या वापरयोग्यतेच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये हिशोब मांडला होता. एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पडतात, दुसऱ्याच्या चाचणीत त्यातल्या बऱ्याच पुन्हा दिसतात, असं करत पाचव्या माणसापर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पंधरा माणसं मिळत असतील तर एकदम पंधरा घेऊ नका. पाच घ्या, दुरुस्त करा, मग पुढचे पाच. पण हे पाच एका जातकुळीचे धरायचे. काट्यावर नोंद करणारा माणूस वेगळा, कास्तकार वेगळा, त्याचे पाच वेगळे. आणि पाचांतले चार तुमचे दोस्त नकोत. तो आकडा सरासरीचा आहे, हेही लक्षात असू द्या. ॲप फार गुंतागुंतीचं असेल तर पाचात भागत नाही.

माणूस एकटा असला की मनात काय चाललं आहे ते बोलत नाही. आयबीएम या संगणक कंपनीतल्या क्लेटन लुइस यांनी १९८२ मध्ये 'करता करता मोठ्यानं बोलत राहा' ही पद्धत सांगितली, ती आपल्याकडं नीट चालत नाही. शहरातून आलेल्या बाईसमोर एकटं बडबडायला लोक लाजतात. मी दोघांना एक फोन देते. नेरकडच्या त्याच गावातल्या दोन जावा अशा बसल्या होत्या. शेवटचं बटण दाबलं नि पडद्यावर चाक फिरायला लागलं.

"काय वं, थे गोल गोल काय फिरून रायलं?"

"पाठवून रायलं असंन."

"मंग किती घडी पाहाची? मले वाटते बिघडलं. दाब ना अजून एकडाव."

दाबलं. एका कापसाच्या दोन नोंदी झाल्या. चौकशीची दहा पानं वाचून जे कळलं नसतं ते त्या तीन वाक्यांत कळलं. बटण एकदा दाबलं की ते दबलेलंच दिसावं, दुसऱ्यांदा दबू नये, आणि शेजारी शब्दांत लिहिलेलं असावं : पाठवतो आहे, थांबा.

एक चाचणी वावरात, दुपारी बारा वाजता घ्याच. उन्हात फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो आणि तुमची राखाडी अक्षरं नाहीशी होतात. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ : १ असावा असं जागतिक नियमावली सांगते. ते मोजणारी साधनं फुकट मिळतात. बटण बोटाच्या मानानं ठेवा. अँड्रॉइडची शिफारस साधारण ९ मिलिमीटरची आहे, कापूस वेचून चिरलेल्या बोटाला मी त्याहून मोठंच देईन. आणि काकांच्या फोनवर अक्षराचा आकार सगळ्यात मोठा करून पाहा. साठीच्या पुढचे बरेच जण तो तसाच ठेवतात. त्यात तुमचं 'पुढे' बटण पडद्याच्या खाली ढकललं जातं का? ढकललं जात असेल तर 'कोणी ॲप उघडत नाही' याचं उत्तर कदाचित तिथंच आहे.

खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि चहा. ॲप दुरुस्त करण्याआधी नवी पानं कागदावर काढून नेलीत तर तेही वाचेल. कागदावरच्या बटणावर लोक बिनधास्त बोट ठेवतात, आणि कागद पाहून 'हे बदला ना' म्हणायला भीत नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आपण मागच्या अंकांत सारखं 'माणूस चुकत नाही, पडदा चुकतो' असं लिहिता. मला हे पटत नाही. हीच मंडळी पारावर बसून तासन् तास रील पाहतात. तेव्हा बरा फोन वापरता येतो! अर्ज भरायचा म्हटला की 'आम्हाले जमत नाही'. हा निव्वळ आळस नाही का?
— एक वाचक, ता. कारंजा, जि. वाशिम

उत्तर : गुरुजी, रीलचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूनं दिलंत.

रील पाहायला एकच क्रिया लागते, बोट वर सरकवायचं. चुकून दुसरी रील आली तर बिघडत काय? पुन्हा सरकवा. अर्जात एक आकडा चुकला तर विम्याचे पैसे जातात, आणि तो परत कसा फिरवायचा हे कुठं लिहिलेलं नसतं. माणूस आळशी नसतो, घाबरलेला असतो, आणि त्याची भीती रास्त असते. मागं फिरायची वाट ठेवा, पाठवण्याआधी भरलेलं सगळं एका पानावर दाखवा, 'हे बदलता येईल' असं स्पष्ट लिहा. मग तेच हात चालायला लागतात.

तुमच्याच गावातल्या मतदान केंद्रावर पाहा. फोन उलटा धरणारी आजी मतदान यंत्रासमोर अडत नाही. नावाशेजारी ओळखीचं चिन्ह असतं. निरक्षर मतदारासाठी ही चिन्हांची सोय १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीपासून आहे. चिन्हाच्या सरळ रेषेत निळं बटण. दाबलं की तिथंच लाल दिवा लागतो, लांब आवाज येतो आणि व्हीव्हीपॅटच्या काचेमागं चिठ्ठी सात सेकंद दिसते. दाबलं, लागलं, झालं, हे तीनदा तीन तऱ्हांनी सांगितलं जातं. १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात ही यंत्रं पहिल्यांदा वापरली, तेव्हापासून त्यांवर वाद पुष्कळ झाले, होत राहतील. पण 'बटण कुठलं दाबू' हा वाद आजीनं घातल्याचं मी ऐकलं नाही. यंत्राची एक अडचण मात्र आहेच. दाबलेलं मत मागं घेता येत नाही. म्हणून तिथं कोणतं बटण कोणाचं हे इतकं ठळक ठेवावं लागतं.

शाळेत तुम्ही एखादं गणित वर्गातल्या चाळीसपैकी पस्तीस पोरांना आलं नाही तर पोरांना आळशी म्हणत होतात की गणित पुन्हा शिकवत होतात? मला वाटतं दोन्ही करत असाल. पण पडद्याला पुन्हा शिकवता येत नाही, तो पहिल्याच वेळी कळावा लागतो.

प्रश्न : मी बचत गटांचा हिशोब मोबाइलवर भरते. सहा पानं भरून झाली की शेवटच्या पानावर रेंज जाते आणि सगळं पुसलं जातं. तक्रार केली की 'ॲप अपडेट करा' म्हणतात. केलं, तरी तेच. आम्ही बायका वरच्यांना हे कसं सांगावं की ते ऐकतील?
— एक ताई, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दोष शंभर टक्के बनवणाऱ्याचा. जिथं रेंज जाते-येते तिथलं ॲप प्रत्येक पानाला फोनमध्येच साठवायला हवं आणि रेंज आली की आपोआप पाठवायला हवं. हे करता येतं, नवं काही शोधायचं नाही.

ते होईपर्यंत : आधी वहीत हिशोब लिहा, मग रेंज असलेल्या जागी बसून फोनवर भरा. दुप्पट काम आहे, मला माहीत आहे, पण सहा पानं तीनदा भरण्यापेक्षा बरं.

तक्रारीचं म्हणाल तर 'ॲप चालत नाही' यावर कोणीही काही करू शकत नाही. असं लिहून पाठवा : तारीख नि वेळ, गाव, फोन कुठला, कोणतं पान, कोणतं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. सोबत पडद्याचा फोटो. जमलं तर मैत्रिणीला तिच्या फोनवरून तुमच्या हाताचं चित्रण करायला सांगा, गटातल्या बायकांची नावं नि खाते क्रमांक दिसणार नाहीत अशा बेतानं. ऑफिसात वायफायवर बसलेल्या माणसानं 'जतन करा' दाबल्यावर कोरं पान आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की 'अपडेट करा' म्हणणं त्याला जड जातं. आणि एकटीनं पाठवू नका. पाच गावांतून एकाच पानाचं एकसारखं चित्रण गेलं तर ते टाळता येत नाही.

प्रश्न : मी पुसदला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला ॲपची पानं आखण्याचं काम करायचं आहे. त्यासाठी चित्रकला यावी लागते का? शिक्षण कुठं मिळतं? सोबत मी काढलेली काही पानं पाठवली आहेत.
— एक विद्यार्थिनी, पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : चित्रकला आली तर बरं, नाही आली तर अडत नाही. माणसं न्याहाळता येणं जास्त लागतं. शिक्षणासाठी मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून आयडीसी हा डिझाइन शिकवणारा विभाग आहे, अहमदाबादला १९६१ पासून एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था. पदवीनंतर आयआयटीसारख्या संस्थांत डिझाइन शिकायला सीड नावाची परीक्षा असते. ती मुंबईची आयआयटी घेते. बीएस्सीवाल्यांना बसता येतं.

आयडीसीतून आलेलं एक काम आधी वापरून पाहा : स्वरचक्र हा कीबोर्ड. त्यात क वर बोट ठेवलं की भोवती गोल का, कि, की, कु उगवतात, हव्या त्या दिशेला बोट सरकवायचं. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला यात नवं काही शिकावं लागत नाही. इंग्रजी कीबोर्डवर मराठी चिकटवण्याऐवजी मराठी कशी बांधली आहे हे पाहून कीबोर्ड आखला, फरक तिथं पडतो.

तुझी पानं पाहिली. रंग छान आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं आहेस, म्हणून वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत शिरतात. 'मूर्तिजापूर' हे नाव दोन ओळींत एकाखाली एक लिहून बघ. रफार, वेलांटी, खालचा ऊकार सगळं एका शब्दात आहे. तिथं नीट दिसलं तर सगळीकडं दिसेल.

तुझ्या दुसऱ्या पानावर जिल्हा निवडायची यादी आहे, ३६ जिल्हे, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. यवतमाळ सगळ्यात शेवटी. आयुष्यभर आपण ती यादी तळापर्यंत ओढत आलो, आणि तू यवतमाळची असून पुन्हा तशीच केलीस! पिनकोड आधी विचार, जिल्हा आपोआप भरू दे. जन्मतारखेचं कॅलेंडर आजच्या महिन्यापासून उघडतं, तेही बदल. १९६१ सालच्या माणसाला मागं किती वेळा सरकवायला लावशील? दिवस, महिना, साल अशा तीन चौकटी दे, आकडे टाकून मोकळा होऊ दे.

वरच्या कोपऱ्यातल्या मेन्यूच्या तीन आडव्या रेघा आणि 'जतन करा'साठीचं फ्लॉपीचं चित्र काढून टाक. तुझ्या वर्गातल्या पोरांनी तरी फ्लॉपी पाहिली आहे का? चित्र ठेवायचंच असेल तर खाली शब्द लिही.

सुट्टीत जवळच्या सेतू केंद्रात जाऊन बस. चालवणाऱ्याला विचारून, कोपऱ्यात. लोक काय विचारतात, कुठला कागद परत आणायला जातात, चालवणारा भराभर भरताना कुठं क्षणभर थांबतो, एवढंच वहीत लिही. मग पानं पुन्हा काढ आणि मला पाठव. आणि हो, 'रद्द करा' नि 'पाठवा' ही दोन्ही बटणं तू एकाच रंगात, एकमेकांना चिकटून ठेवली आहेस. 'पाठवा' मोठं करून अंगठ्याखाली आण आणि दुसऱ्याला चांगलं दूर हाकल.